प्रभावहिनींनी दिलेलं उदक

आमच्या सोसायटीत कोणाकडे काही बरंवाईट झालं, की दोन फोन जायचे. एक ॲम्ब्युलन्सला आणि दुसरा प्रभावहिनींना. पहिला कधी लागायचा, कधी नाही. दुसरा लागायचाच. पलीकडून सांत्वनाचा शब्द वगैरे काही नाही, सरळ प्रश्न यायचा, "कोणाकडून नातं?"

सोयरसुतकाचं सगळं त्यांच्या जिभेवर असायचं. चुलतसासरे वारले तर किती दिवस, भाऊ गेला तर लग्न झालेल्या बहिणीने काय पाळायचं, घरात गणपती बसलेला असताना बातमी आली तर आरती कोणी करायची, हे विचारायला विचुंब्यापासून रोडपालीपर्यंतच्या बायका फोन करायच्या. एकदा तर अमेरिकेतून आला. सासरे इकडे रात्री गेले, तेव्हा तिकडे भरदुपार, मग सुतक कुठल्या दिवसापासून धरायचं? वहिनी म्हणाल्या, "तुझ्या दारात जो सूर्य उगवला त्याचा धर. इकडच्या सूर्याशी तुला काय करायचंय?" फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बरोबर सांगितलं का हो सुमनबाई? पोथीत अमेरिका नाहीये."

अंगाने काटकुळ्या, उंच. केसांचा सुपारीएवढा अंबाडा. चपला अशा आपटत चालायच्या की लिफ्टचं दार उघडायच्या आधी आम्हाला कळायचं, वहिनी आल्या. पोस्टात काउंटरला बसून निवृत्त झालेल्या, त्यामुळे धर्मसुद्धा त्या पोस्टाच्या भाषेत सांगायच्या. "नियम म्हणजे पत्ता. अपुरा लिहिलात तर पोचणार कसं?" असं म्हटलं की पुढे कोणी वाद घालायचं नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरचं. माहेर कोन गावचं, म्हणजे घाईत बोलताना अजून माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' निघतं. मुलाने न्यू पनवेलला घर घेतलं तेव्हा या शिकलेल्या बायकांत मी चार हात लांबच बसायची. वहिनींकडे दर गुरुवारी पोथी असायची. पहिल्याच गुरुवारी त्यांनी पोथी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, मी अडखळते. तर म्हणाल्या, "अडखळा. देव काही तपासनीस नाही."

असं बोलणारी बाई कडक कशी, असं कोणालाही वाटेल. पण होत्या. दोन्ही होत्या.

दर चातुर्मासात त्या काही ना काही सोडायच्या. एका वर्षी मीठ, एका वर्षी चहा, एका वर्षी गादीवर झोपणं. चहा सोडला ते वर्ष आम्हा सगळ्यांना जड गेलं, कारण सकाळी त्यांच्या समोर जायची सोय नव्हती. एका वर्षी त्यांनी निंदा सोडली. आषाढी एकादशीला संकल्प केला आणि द्वादशीला पारण्याच्या आधीच सेक्रेटरीच्या बायकोबद्दल काहीतरी बोलून बसल्या. जीभ चावली, देवापुढे कान धरले, आणि संध्याकाळी कबूल केलं, "मीठ सोडणं सोपं हो. मिठाला शेजारीण नसते."

आता अनुजाचं सांगते. त्याच्यावाचून वहिनी कळायच्या नाहीत.

अनुजा आमच्याच मजल्यावरची. बेलापूरला एका ऑफिसात कामाला. नवरा मंदार कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. मुलगा नील, चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्याला शिकवायला एका बाईंकडे न्यावं लागे, घरी त्याच त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा करून घ्याव्या लागत. दुपारी तो माझ्याकडे असायचा. एवढं सगळं करून ही मुलगी सकाळी देवाला फूल वाहिल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही, आणि गुरुवारी ऑफिसातून आली की साडीसुद्धा न बदलता वहिनींच्या हॉलमध्ये दाराशी येऊन बसायची. दाराशी अशासाठी, की नील रडला तर उठता यावं. वहिनींना तिचा फार लोभ. प्रसाद वाटताना तिच्या हातावर नेहमी दोन चमचे जास्त.

एका गुरुवारी पोथी झाल्यावर गप्पा चालल्या होत्या. रोडपालीच्या कोणाच्या तरी सुनेचा विषय निघाला. दुसरं मूल नको म्हणून ती म्हणे डॉक्टरकडे जाऊन मोकळी झाली. घरचं सगळं चांगलं, तिला काही आजार नाही, आणि तरी. बायका बोलत होत्या, कोणी म्हणे तिचं तिला ठाऊक, कोणी म्हणे आजकालच्या मुली. वहिनी पोथी फडक्यात गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जो जीव आपण दिला नाही, तो घेणाऱ्या आपण कोण? अशा हाताने लावलेला दिवा देवापर्यंत पोचत नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. त्यात विचार असा काही नव्हता. वहिनी बोलल्या की माना हलायच्या, इतकंच.

पुढच्या गुरुवारी अनुजा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं ऑफिसात काम असेल. मग एकदा सकाळी नीलला आणायला तिच्याकडे गेले, तर मंदार टॉवेल गुंडाळून देवापुढे उभा. चुकीच्या बोटाने गंध लावत होता बिचारा. अनुजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून त्याला सांगत होती, आधी दिवा, मग उदबत्ती. स्वतः आत येत नव्हती. मला वाटलं अडचण असेल. पण आठवड्याने गेले तरी तेच. अडचण इतके दिवस असते होय?

हे मी वहिनींना सांगितलं. त्या तिथल्या तिथे उठल्या. "पोरीचं काही दुखतंय खुपतंय का बघू," म्हणाल्या आणि मला बरोबर घेऊन गेल्या.

अनुजाने चहा टाकला. वहिनींनी सरळ विचारलं, गुरुवारी येत का नाहीस. ती कप पुसत राहिली. मग म्हणाली, "काकू, पोटातलं गेलं तर किती दिवस देवाला शिवायचं नसतं?"

वहिनींचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं बाई. कितवा होता?"

"दुसरा संपत आला होता."

"मग तीन दिवसांचंच. ते होऊन किती काळ झाला. वेडी आहेस का, इतके दिवस लांब बसलीस? न्हाऊन दिवा लाव आजच." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आपोआप गेलं त्याला आपण काय करणार गं? देवाची इच्छा."

अनुजाने कप खाली ठेवला. "आपोआप नाही गेलं, काकू. मी गोळ्या घेतल्या. त्या गुरुवारच्या आधीच. मी दाराशी बसले होते."

वहिनींचा हात तिच्या पाठीवर होता तो तिथेच राहिला. काढून घेता येईना आणि फिरवताही येईना.

अनुजाच पुढे बोलली. रडत नव्हती. म्हणाली, नीलचं सगळं तुम्ही बघताच. अजून एक आलं असतं तर मी दोघांपैकी कोणाचीच आई राहिले नसते. "मला पश्चात्ताप नाही, काकू. उद्या परत तशी वेळ आली तर मी परत तेच करेन. पण देवापुढे उभी राहिले की तुमचं वाक्य ऐकू येतं. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. माझा दिवा पोचतच नसेल तर लावू कशाला?"

वहिनी उठल्या आणि घरी गेल्या. चहा तसाच राहिला. चपलांचा आवाजसुद्धा आला नाही. मागाहून पाहिलं तर चपला दारातच राहिल्या होत्या.

मी मागोमाग गेले. त्या त्यांच्या देव्हाऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "पश्चात्ताप असता तर सांगितलं असतं काहीतरी. उपास आहेत, दान आहे, सगळं आहे. पश्चात्तापच नाही म्हणते. त्याला प्रायश्चित्त कुठून आणू?" मी म्हटलं, मग पाप नसेल ते. त्या माझ्यावर चिडल्या. "पाप आहे. मी माझं मत बदलणार नाही, कोणी कापून काढलं तरी. पण देवापासून तोडायचा अधिकार मला कोणी दिला? ते तर पोथीत कुठेच नव्हतं. ते माझ्या जिभेचं होतं."

आणि मग त्यांनी ती चूक केली. चांगल्या मनाने केली, म्हणून तर ती जास्त लागली.

चारचौघांत बोललो ते चारचौघांतच दुरुस्त करायचं, हा त्यांचा नेम. पोस्टातसुद्धा म्हणे चुकून कोणाला ओरडल्या, तर रांगेसमोरच माफी मागायच्या. पुढच्या गुरुवारी पोथी उघडण्याआधी त्या हात जोडून म्हणाल्या, "याच जागी बसून मी एक वाक्य बोलले होते. पोटातल्या जिवाबद्दल माझं मत आहे तेच आहे. पण दिवा पोचत नाही म्हणाले, ते खोटं. आपल्यातल्या एकीला ते फार लागलं. मी तिची क्षमा मागते."

आपल्यातल्या एकीला. एवढे दोन शब्द. हॉलभर बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग मोजल्यासारखं कोण आलंय कोण नाही ते पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी दाराशी गेल्या. तिथे चटई रिकामी होती.

वहिनींनी ते पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. माणसाने स्वतःच्या हाताने भांडं फोडावं आणि तुकडे गोळा करायला वाकताही येऊ नये, तसा. त्या दिवशीची पोथी मी वाचली. एकदाही अडखळले नाही, कारण कोणी ऐकतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बी विंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये अनुजा शिरली की बोलणं थांबायचं. एकीने तिला कळवळून विचारलं, "मुलगी होती का गं?" म्हणजे तसं काही असतं तर समजून घेता आलं असतं, असा सूर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात, तर तिच्या दाराची बेल वाजली नाही. मुद्दाम कोणी ठरवलं नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसरी बोलावेल.

हे सगळं वहिनींना कळत होतं. त्यांचे फोन चालूच होते, पण आता त्या उत्तर द्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "हे माझ्या ऐकिवातलं आहे. खात्रीसाठी दुसऱ्या कोणाला विचारा." ज्या बाईने अमेरिकेला सूर्य वाटून दिला ती बाई.

एका एकादशीला सकाळी त्या माझ्या दारात आल्या. न्हाऊन, कोरी साडी नेसून. हातात ताम्हण, पळी, तांब्या, वर तुळशीचं पान. म्हणाल्या, "चला. साक्षीला कोणीतरी लागतं."

अनुजाने दार उघडलं आणि उघडंच धरून उभी राहिली. तिला वाटलं असणार, आता आणखी काय. वहिनी म्हणाल्या, "मी समजवायला आले नाही. बस."

तिला पाटावर बसवलं, समोर स्वतः बसल्या. त्यांना खाली बसायला त्रास व्हायचा, गुडघा हाताने धरून दुमडावा लागला. म्हणाल्या, "कहाण्यांत असतं बघ, एक दुसरीला आपल्या व्रताचं पुण्य देते. हातावर पाणी सोडलं की ते तिचं होतं. माझे सगळे चातुर्मास मी तुला देणार आहे."

"काकू, मी मागितलेलं नाही."

"माहीत आहे."

"आणि मी केलं ते पाप आहे असं मला वाटतच नाही."

"मला वाटतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर देते. तुला वाटत असतं तर तुझं तू फेडलं असतंस. मी मात्र जे बोलले ते दोनदा बोलले, आणि दोन्ही वेळा चारचौघांत. तुला दारातून उठवलं मी. आता मी दिलेलं घेऊन तू देवापुढे उभी राहा. तुझ्या हाताने नको तर माझ्या हाताने राहा. पोचेल की नाही मला ठाऊक नाही. मी काही आता पोस्टात नाही."

अनुजाने हात पुढे केला नाही. वहिनी पळीत पाणी घेऊन तशाच बसून राहिल्या. पाणी कडेने ठिबकायला लागलं. मला वाटतं त्या ताटकळलेल्या हाताची दया येऊनच शेवटी तिने ओंजळ केली. वहिनींनी पान ठेवलं, तोंडाने संकल्प म्हटला, पाणी सोडलं. मग तिच्याच देव्हाऱ्यात तिला दिवा लावायला लावला. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा लागली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, इतकी वर्षं हे नेम करत होतात, ते काही मनात धरूनच ना? म्हणाल्या, "सासूबाई फार वर्षं अंथरुणावर होत्या. मी केलं त्यांचं सगळं. तेव्हा देवाकडे मागितलं होतं, मला तसं ठेवू नको, चालताबोलता ने. त्यासाठी चालू होतं." लिफ्टचं बटण दाबत एवढं सांगितलं. जसं काही, गॅसचा नंबर लावला होता तो शेजारणीला दिला.

त्या संक्रांतीला वहिनींनी वाण दिलं ते पहिलं अनुजाला. पुढे बाकीच्याही हळूहळू बोलवायला लागल्या. अनुजा जायची, पण वाकून नमस्कार करायची ती फक्त वहिनींना.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता वहिनींना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं राहिलं, पण जड. मुलगा पुण्याहून यायचा जायचा, दिवसभराला एक बाई ठेवली होती. ज्या गोष्टीला त्या आयुष्यभर भ्यायल्या तीच झाली. आणि त्या उदकाचं माझ्याच तोंडून एकदा निघून गेलं होतं, म्हणून सोसायटीत बायका कुजबुजल्या, पुण्य वाटून टाकलं ना, मग राहिलं काय हाताशी? हे कोणी माझ्या कानाशी म्हटलं तेव्हा मी "काहीतरीच काय" म्हटलं खरं. पण खरं सांगते, माझ्या मनात ते त्यांच्या आधी येऊन गेलं होतं.

अनुजाच्या कानावर ते जाणारच होतं. ती रोज ऑफिसातून आल्यावर वहिनींकडे जायची. पेज भरवायची, केस विंचरायची. वहिनींना कपडे बदलताना लाज वाटे. डाव्या हाताने त्या पदर तोंडावर ओढून घ्यायच्या आणि सगळं होईपर्यंत तसाच धरून ठेवायच्या. आम्ही बाहेर जायचो तेव्हा सोडायच्या.

एका संध्याकाळी मी तिथे होते. अनुजा आली ती ताम्हण, तांब्या घेऊन. तुळशीचं पानसुद्धा आणलं होतं. पलंगाजवळ गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही दिलं होतं ते सगळं मी परत देते. तुमचं तुम्हाला. हात द्या."

वहिनींनी डावी मूठ घट्ट मिटली.

"काकू, माझं होईल काहीतरी. मी तरुण आहे, मी माझे नेम करेन. हे तुमचं आहे. उघडा ना."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. जड जिभेने विचारलं, "दिवा लावतेस?"

"रोज लावते."

"मग परत दिलंस तर उद्या कशाने लावशील?"

अनुजा रडायला लागली. रडता रडता तिने वहिनींची मूठ उघडायचा प्रयत्न केला, पण ती म्हातारी बोटं तिला उघडेनात. शेवटी तिने पाणी मुठीवरच सोडलं. ते बोटांवरून ओघळून चादरीवर गेलं. वहिनी मान हलवत म्हणाल्या, "नाही गेलं आत. चादर ओली केलीस नुसती." नीलच्या जेवणाची वेळ झाली म्हणून अनुजा डोळे पुसत उठली. पान ताम्हणात तसंच राहिलं.

बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. वहिनींनी मला खुणेने जवळ बोलावलं. मूठ अजून मिटलेलीच होती. इतका वेळ दाबून धरल्याने बोटं आखडली होती, त्यांना उघडता येईनात. मी एकेक बोट सोडवलं. आत नखांचे चार वळ उठले होते. तळवा कोरडा होता.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

त्या छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "घ्यावंसं वाटत होतं हो, सुमनबाई."

आणि पदर तोंडावर ओढून घेतला.